जुन्या गॅरेजमध्ये सापडलेले मसल कारचे पार्ट भंगारात द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमध्ये घेतलेल्या जुन्या घराच्या गॅरेजात, तुळयांवर टाकलेल्या फळ्यांवर, दहा-बारा तेलकट खोकी सापडली. आधीच्या मालकाला मसल कारचा, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाड्यांचा, नाद होता, आणि घरचे म्हणताहेत, भंगारवाल्याला बोलवा. महिनाभर तरी बोलवू नका.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. घर घेतलं तेव्हा आमच्याही गॅरेजात असाच पसारा होता. क्रोमची चकाचक व्हॉल्व्ह कव्हर्स, उंच एअर क्लीनर वगैरे मी कौतुकाने पुसून ठेवलं. दोन गंजके बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारे जाड नळ) आणि खलबत्त्याएवढा एक पंप मात्र भंगारात दिला, डोनट-कॉफीचे पैसे सुटले. संध्याकाळी शेजारच्या आजोबांना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. नेमकं उलटं करायला हवं होतं.

त्यामागचं कारण मजेशीर आहे. पॉन्टिअॅकने १९६४ साली मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि अश्वशक्तीची चढाओढ लागली. गाडी घरी आली की पोरं पहिल्याच आठवड्यात कंपनीचे मॅनिफोल्ड काढून हेडर, म्हणजे धूर मोकळा सोडणाऱ्या नळ्या, लावायची. धूर कमी करणारा एअर पंप तर सगळ्यात आधी निघायचा, कारण तो ‘ताकद खातो’ अशी समजूत. (धुराचे नियम कॅलिफोर्नियात १९६६ च्या आणि देशभर १९६८ च्या मॉडेलपासून आले.) काढलेलं सामान कोपऱ्यात किंवा कचऱ्यात. आता शेव्हरोलेची १९६९ ची कॅमेरो झी-२८ घ्या. त्या वर्षी अशा २०,३०२ गाड्या निघाल्या. आज ज्यांच्याकडे ती आहे त्यांना ती कारखान्यातून निघाली तश्शी हवी असते, आणि त्यासाठी तोच फेकलेला पंप हवा असतो. क्रोमची कव्हर्स आजही नवी कोरी मिळतात, ती कोण विचारतो!

म्हणून आधी पार्टवरचे आकडे वाचा, पार्ट कशाचा ते त्यावरून कळतं. वायर ब्रश आणि ग्राइंडर लांब ठेवा. फडक्याने वरची घाण टिपा, ओतीव आकड्यांवरून पांढरा खडू आडवा फिरवा, बाजूने टॉर्च मारा आणि फोटो काढा. फोर्डचा आकडा ‘सी९झेडई’ असा सुरू झाला, तर सी म्हणजे साठचं दशक, ९ म्हणजे १९६९, झेड म्हणजे मस्टँग आणि ई म्हणजे इंजिनाचा भाग. शेव्हरोलेवर ओतल्याची तारीख बहुधा वेगळी असते: ‘आय २४ ८’ म्हणजे नववं अक्षर, सप्टेंबर, तारीख २४, साल आठाने संपणारं. ते अडुसष्ट की अठ्ठ्याहत्तर, हे बाकीच्या आकड्यावरून ठरवायचं. क्रायस्लरवाले सरळमार्गी, इंजिनाच्या ब्लॉकवर महिना, दिवस, वर्ष असं अख्खं लिहून मोकळे.

ब्लॉक सापडला आणि त्यावर ३९७००१० दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो शेव्हरोलेच्या ३५० घनइंची इंजिनाचा ब्लॉक, १९६९ पासून पुढे दहाएक वर्षं धो-धो निघाला. खरी गंमत पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यातल्या बोटभर सपाट पट्टीवर असते. तिथे ठोकलेली अक्षरं असतात: आधी इंजिनाचा कारखाना, व्ही म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा, मग महिना-दिवस, मग इंजिन कोणत्या गाडीसाठी त्याचा संकेत. बऱ्याचदा शेजारी गाडीच्या चॅसी नंबरातले शेवटचे आकडेही सापडतात. ती गाडी कुठे जिवंत असेल, तर तिचा मालक या ब्लॉकसाठी भावाबाहेर पैसे मोजेल. याच पट्टीवर आकडे घासून खोटे ठोकणारेही आहेत, म्हणून तिला पॉलिश पेपर लावलात तर चांगल्या मालावरही संशय येईल.

रंगाचे ठिपके, चिकटवलेली कागदी चिठ्ठी, फाटका पुठ्ठ्याचा खोका, काही टाकू नका. न वापरलेला पार्ट मूळ खोक्यात असेल तर खोक्यालाही किंमत आहे.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. जुन्या ब्रेक शूजमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. त्यांना ना कॉम्प्रेसरची हवा मारा, ना कोरडा झाडू. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करा.

आधीच्या मालकाच्या घरच्यांचा पत्ता लागत असेल तर एक फोन करा. सामान कायद्याने तुमचं झालं असलं तरी विचारलेलं बरं, आणि त्यांच्याकडे गाडीची कागदपत्रं किंवा फोटो निघाले तर कुठला पार्ट कशाचा ते लगेच कळतं.

विकायची घाई नको. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आमच्याकडे वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची रस्त्यावरची जत्रा, असते. घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या आजोबांना मोबाइलवरचे फोटो दाखवा, ते उत्साहाने तासभर सांगतील. त्यातला एखादा ‘सगळं मिळून दोनशे डॉलर देतो’ म्हणाला, तर हसून पुढच्या खुर्चीकडे वळा. मोठा माल निघाला तर पेनसिल्व्हेनियात कार्लाइल आणि हर्शीचे जुन्या गाड्यांचे नि पार्टचे बाजार आहेतच.

आकड्यांचे फोटो टाकलेत तर मीही बघतो. फक्त खोकी उपडी करू नका, तळाशी मूळ बोल्टच्या पुड्या असतात.