लसीतच व्हायरस आला तर?

प्रश्न: आमच्याकडे लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या आहेत. मित्र म्हणतो मरेक्स या कोंबड्यांच्या व्हायरल आजाराच्या लसीतच दुसरा व्हायरस घुसतो, मग लस बंदच करू का?

उत्तर: बंद अजिबात करू नका हो! पण मित्र अगदीच फेकतोय असंही नाही. १९७०च्या दशकात जपानमध्ये हे झालंय, मरेक्सच्या लसीत आरईव्ही नावाचा व्हायरस निघाला आणि ज्या पिल्लांना ती टोचली ती खुरटली, पिसं धड येईनात, प्रतिकारशक्तीही ढासळली. होतं कसं, तर लस वाढवतात अंड्यातल्या गर्भात नाहीतर त्याच्या पेशींवर, आणि काही व्हायरस कोंबडीकडून अंड्यात उतरतात, कोंबडी मात्र दिसायला ठणठणीत! म्हणून आता एसपीएफ अंडी वापरतात, म्हणजे ठरावीक रोग नसल्याचं सतत तपासलेल्या कळपाची. शिवाय बॅच टेस्ट होते.

तुम्ही एवढंच करा, कुठल्या पिल्लांना कुठली लस ते बॅच नंबरासकट वहीत लिहा, लेबलचा फोटो काढा. एकाच बॅचची पिल्लं खुरटली तर मेलेला ताजा पक्षी लॅबला न्या. आणि खरं सांगू, उन्हात राहून वाया गेलेली लसच मला जास्त बघायला मिळते.