परदेशातून दिलेल्या मताची नोंद सगळ्यांना दिसावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेचे नागरिक, नाव नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदार यादीत, पण नोकरीमुळे सध्या दुसऱ्या देशात. राज्य निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावरून टपाली मतदानाची फाईल उतरवून घेतली तर तिच्यात तुमचं नाव आणि तुमची भरलेली मतपत्रिका परत कधी पोचली त्याची तारीख सापडली, आणि तुम्ही हादरलात. हे बंद व्हायला नको का?

मी याच राज्यात राहतो. दर निवडणुकीत टपालानं मत देतो आणि पाकीट टाकलं की चार दिवसांनी तीच फाईल उघडून स्वतःची ओळ शोधतो. नाव, काउंटी (म्हणजे जिल्हा), वय, वंश, मतदार म्हणून नोंदवलेला पक्ष, मतपत्रिका पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि शेवटी एक शब्द: स्वीकारली. तो शब्द दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. एका वर्षी तिथे 'दुरुस्ती बाकी' असं होतं. पाकिटावर सही करणाऱ्या साक्षीदाराचा पत्ता लिहायचा राहून गेला होता. काउंटीचं पत्र नंतर आलं, पण मला फाईलमुळे आधीच कळलं आणि मत वाया गेलं नाही. त्यामुळे ही फाईल बंद करा असं माझ्या तोंडून निघणार नाही.

तिच्यात काय नसतं तेही बघा. तुम्ही कोणाला मत दिलं हे नसतंच. पूर्ण जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांक, वाहन परवान्याचा क्रमांक कायद्यानं गोपनीय आहेत, म्हणून तर तिथे फक्त वय दिसतं. परदेशस्थ मतदारानं दिलेला ईमेल पत्ता सार्वजनिक नोंदीत येत नाही. सहीचा नियम मला फार आवडतो: सही बघता येते, पण तिची नक्कल करता येत नाही की ती गिरवता येत नाही. पारख करू द्यायची, पण गैरवापराला हत्यार द्यायचं नाही.

आता २०१८ ची गोष्ट. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, इथल्या नवव्या मतदारसंघात एक उमेदवार ९०५ मतांनी पुढे होता. ब्लेडन काउंटीत टपाली मतांपैकी ६१ टक्के त्याच्याकडे गेली होती, पण त्याच्या पक्षात नोंद असलेल्यांच्या टपाली मतपत्रिका होत्या जेमतेम १९ टक्के. शेजारच्या रॉबसन काउंटीत मागवून परत न आलेल्या मतपत्रिकांचा ढीग डोळ्यांत भरण्याएवढा. हा हिशेब बाहेरच्या अभ्यासकांना मांडता आला तो याच उघड्या फाईलमुळे. पुढे चौकशीत निघालं की पैसे देऊन ठेवलेली माणसं घरोघर जाऊन मतपत्रिका गोळा करत होती, जे बेकायदा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मंडळानं ती निवडणूकच नव्यानं घ्यायला लावली. यादी कुलपात असती तर हे बाहेर आलं असतं का? मला नाही वाटत.

पण त्याच प्रकरणानं दुसरी बाजूही उघडी पाडली. कोणी मतपत्रिका मागवली हे रोजच्या रोज कळत असेल, तर कोणाच्या दारात पाकीट कधी पडणार हेही कळतं. मग दार वाजवायला कोण येईल हे सांगता येत नाही. म्हणून २०१९ साली कायदा बदलला. मतपत्रिका मागवल्याची नोंद आता मत परत येईपर्यंत, नाहीतर मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत गोपनीय राहते. तुम्ही तारीख बघून दचकलात, पण ती तारीख दिसली याचाच अर्थ तुमचं मत तोवर सुखरूप पोचलेलं होतं.

मला या वादाची खरी किल्ली इथेच दिसते. आपण 'दिसावं की दिसू नये' यावर भांडत बसतो आणि 'कधी दिसावं' हे विचारतच नाही. परदेशी मतदाराला हे जास्त लागू आहे, कारण केंद्रीय कायद्यानुसार त्याची मतपत्रिका निवडणुकीच्या निदान ४५ दिवस आधी निघते. म्हणजे त्याचं पाकीट सगळ्यात जास्त दिवस वाटेवर असतं. तेवढे दिवस नाव झाका आणि नावांशिवायचे काउंटीवार आकडे रोज छापा. ब्लेडनचा हिशेबही निकाल हातात आल्यावरच मांडला गेला होता, त्यामुळे या विलंबानं पहारेकऱ्यांचं काही बिघडत नाही.

फाईलमधला एक रकाना मात्र मला पटत नाही: मतपत्रिका कुठल्या पत्त्यावर पाठवली तो. सैनिकाच्या बायकोचा परदेशातला पत्ता जगाला कळून कोणता घोटाळा उघडा पडणार? देश पुरे. आणि एक धोका फारसा कोणी बोलत नाही. एखाद्या प्रभागात परदेशातून एकच मत आलं आणि त्या प्रकारचा निकाल वेगळा छापला, तर यादी शेजारी ठेवून ते मत कोणाचं हे शेंबडं पोरही सांगेल. अशी तुरळक मतं इतरांत मिसळूनच जाहीर करायला हवीत.

नावं उघडी असण्याची किंमत २०२४ नंतर दिसलीच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश इथे मतदानानं निवडले जातात; त्यातल्या एका जागेचा फरक ७३४ मतांचा होता, आणि साठ हजारांहून जास्त मतांना आव्हान दिलं गेलं. त्यात परदेशातले आणि सैन्यातले मतदारही होते. त्यांनी ओळखपत्राची प्रत जोडली नव्हती, जी जोडायची गरज नाही असं मंडळाच्याच नियमात होतं. आव्हानाच्या यादीत आपलं नाव आहे का हे शोधणाऱ्या लोकांत मीही होतो. माझं नव्हतं, तरी मन खट्टू झालं. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायालयानं मूळ मोजणीच कायम ठेवायला सांगितलं. पण याच उघड्या यादीमुळे त्या मतदारांना आपलं मत धोक्यात आहे हे कळलं आणि आवाज उठवता आला, हेही तितकंच खरं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी अर्ज भरताना कोरी मतपत्रिका टपालाऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं मागवा. तसा पर्याय देणं राज्यांना बंधनकारक आहे. भरलेलं मत फॅक्स किंवा ईमेलनं परत पाठवणार असाल तर आधी सोबतचा कागद नीट वाचा, कारण अशा वेळी बऱ्याच राज्यांत मताची गुप्तता सोडत असल्याचं सही करून द्यावं लागतं. आणि कोणापासून जिवाला धोका असेल, न्यायालयाचा संरक्षण आदेश असेल, तर त्याची प्रत आणि पत्ता उघड झाल्यास जिवाला धोका आहे असं सही केलेलं निवेदन काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लगेच पाठवा. मग तुमचा पत्ता सार्वजनिक नोंदीतून वगळावाच लागतो.