संमोहनाचा कोणता कोर्स घेऊ, असं विचारणाऱ्या मुलीस

प्रिय बेटा,

तुझं पत्र आणि सोबतची तिन्ही माहितीपत्रकं नीट वाचली. एक कोर्स जळगावच्या हॉटेलात शनिवार-रविवारी होणारा, एक चोपड्यात बसल्या बसल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून पुरा करायचा, आणि एक पुण्याचा नऊ दिवसांचा, ज्याच्यासोबत ‘मागच्या जन्मात नेण्याचं’ प्रशिक्षण फुकट आहे. दादांनी कापसाच्या पैशातून फी बाजूला काढून ठेवलीय, म्हणून तुला घाई आहे. तुला माणसांचं ऐकून घेता येतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही.

जो त्रास तुला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, तो संमोहन देऊन हाताळायचा नाही. या विषयातली जबाबदार माणसं जगभर हाच नियम पाळतात. दंतवैद्य घाबरलेल्या पेशंटला संमोहनाने शांत करतो, कारण दाताचं काम त्याला येतं. मानसोपचारतज्ज्ञ चिंतारोगात संमोहन वापरतो, कारण औषध, समुपदेशन, वर्तनोपचार हे सगळं त्याच्या हाताशी असतं आणि संमोहन त्यातलं एक. तुझ्या हाताशी आज काय आहे? बी.ए.चं मानसशास्त्र, म्हणजे नैराश्याची व्याख्या आणि लक्षणांची यादी. समोरच्या माणसाने डोळे मिटले म्हणून ती यादी वाढत नाही.

संमोहनात लक्ष एका जागी एकवटतं, आजूबाजूचं भान कमी होतं आणि सूचनेला प्रतिसाद देणं सोपं होतं. माणूस झोपत नाही, त्याचा स्वतःवरचा ताबा सुटत नाही, आणि आपोआप बराही होत नाही. ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये ती मोजायला बारा कसोट्यांची मोजपट्टी तयार केली. अशा मोजपट्ट्यांवर साधारण १० ते १५ टक्के लोक फार चांगला प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच लोक अगदीच कमी देतात, बाकीचे मधले. तेव्हा ‘कुणालाही तीन मिनिटांत संमोहित करा’ असं छापलेलं पत्रक खाली ठेव. आपल्या गोव्याच्या कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया या पाद्रीने १८१३ पासून पॅरिसमध्ये हेच सांगितलं होतं, की शक्ती करणाऱ्याकडे नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असते. दोनशे वर्षं झाली, आणि अजून शिकवणारे स्वतःच्या नजरेची ताकद विकतात!

आता ‘सरकारमान्य’ या शिक्क्याबद्दल. तुझ्या दोन पत्रकांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाचा दाखला आहे. आदेश खरा आहे. पण संमोहनोपचार ही उपचाराची एक रीत म्हणून नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावी, असं त्यात म्हटलंय. मान्यतेची शिफारस नसलेल्या पद्धतींच्या पदव्या-पदविका संस्थांनी देऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ ही उपाधी मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या लोकांनीच लावावी, हेही त्याच आदेशात आहे. पत्रकवाले पहिला अर्धा छापतात. त्यातल्या एकाने तर कोर्स संपल्यावर नावामागे ‘डॉ.’ लावता येईल असं लिहिलंय. तेवढ्या एका ओळीवर तो कोर्स बाद झाला. आय.एस.ओ.चं चिन्ह संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, तिथे शिकवलेल्या उपचाराबद्दल नाही. परदेशी ‘बोर्ड’ बहुतेक वेळा वर्गणी भरून सभासद होण्याच्या खासगी संस्था असतात. आपल्याकडे संमोहनोपचारकाला परवाना देणारी वेगळी परिषद नाही. १९९२ च्या कायद्याखालची भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी करते, आणि ती नोंदणी दोन दिवसांत होत नाही.

तासांचा हिशेब मांड. हॉटेलातला कोर्स सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच, दोन दिवस. चहा, जेवण, फोटो आणि प्रमाणपत्रवाटप वजा केलं तर बारा-तेरा तास उरतात. त्यातले निम्मे भाषणात जाणार. उरलेल्यात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसावर तुझा हात दोनदा, फार तर तीनदा फिरेल. आणि तो शेजारी कोण? धडधाकट, फी भरून आलेला, प्रयोग यशस्वी व्हावा अशी मनापासून इच्छा असलेला. त्याच्यावर यशस्वी झालीस म्हणजे तुला काय आलं, हे कळायला मार्ग नाही. ब्रिटनमध्ये ऐच्छिक नोंदणीसाठी जो किमान अभ्यासक्रम धरतात तो ४५० तासांचा, त्यातले १२० तास शिक्षकासमोर बसून. अमेरिकेतली क्लिनिकल हिप्नोसिसची १९५७ मध्ये स्थापन झालेली संस्था मुळात आरोग्यक्षेत्रातल्या परवानाधारकांना आणि त्या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच शिकवते. आधी मूळ विद्या, मग संमोहन. तिकडेही क्रम हाच.

मोबाइलवरच्या कोर्सबद्दल एवढंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला विद्यापीठांनाही मनाई केली. मग रेकॉर्ड केलेल्या चाळीस व्हिडिओंवर कुणाच्या मनाला हात घालायचा?

चांगल्या कोर्समध्ये काय शिकवलं जातं, ते मात्र सविस्तर सांगतो. त्यावरूनच तुला पारख येईल.

पहिल्या भेटीत संमोहन द्यायचंच नाही. तास-दीड तास फक्त माहिती घ्यायची: काय होतंय, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, फिट येतात का, कानात आवाज येतात का, मधे कधी झोपेशिवाय चार-पाच दिवस उत्साहात गेले होते का, जीव द्यावासा वाटतो का, दारू किती, आणि इथे स्वतःहून आलात की कुणी आणलं. भ्रम, उन्माद, आत्महत्येचे विचार यांपैकी काही दिसलं तर संमोहन नाही, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला. हे प्रश्न विचारायला आणि उत्तरं ओळखायला जो कोर्स शिकवत नाही, तो तुला गाडी सुरू करायला शिकवतोय, ब्रेक कुठे आहे ते न दाखवता.

दुखण्याचंही तसंच. निदान न झालेलं दुखणं सूचनेने दाबायचं नाही. रोज पहाटे डोकं दुखून उलटी होणाऱ्या माणसाला आधी तपासणी हवी. तुझ्या सूचनेने त्याला चार महिने बरं वाटलं, तर तेच चार महिने आजाराला मिळाले.

मग संमोहन म्हणजे काय ते समजावून सांगणं, आणि त्यानंतर संमोहनात प्रवेश. डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर एखाद्या बिंदूकडे बघायला लावतात, म्हणजे पापण्या खरंच थकतात. कॉन्टॅक्ट लेन्स असल्या तर आधी काढून ठेवायच्या. वाक्य श्वास सोडण्याबरोबर टाकायचं, घेण्याबरोबर नाही. दहा-पंधरा मिनिटं लागली तरी चालतात. घाई करणाऱ्याचा आवाज वर चढतो आणि माणूस बाहेर येतो.

पुढची पायरी म्हणजे संमोहन अजून खोल नेणं, आणि इथे छापील मजकूर घात करतात. ‘समुद्रकिनाऱ्यावर आहात’, ‘एकेक पायरी खाली उतरा’. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याला किनारा काय कामाचा? पायऱ्या उतरताना आपल्याकडच्या माणसाला विहीर आठवू शकते, आणि घरातलं कुणी विहिरीत गेलेलं असेल तर? यावल-रावेरकडच्या माणसाला उन्हाळ्यात केळीच्या बागेतला गारवा चालेल, पण त्याच बागेवर कर्ज असेल तर तोही चालणार नाही. म्हणून सुरक्षित जागा कोणती, हे त्यालाच आधी विचारायचं. आणि घरात अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीतली सूचना मास्तरांच्या हुकमासारखी लागते. ‘डोया मिची ले’ (डोळे मिटून घे) म्हटलं की ती सैल होते. ही गोष्ट मुंबई-पुण्याचा कोर्स तुला शिकवणार नाही, पण जो शिक्षक प्रत्येकासाठी शब्द बदलायला लावतो तो निदान त्या वाटेवर नेईल. छापील मजकुरांचा गठ्ठा ‘बोनस’ म्हणून देणारा नाही.

सूचना कशी द्यायची? ‘दुखणार नाही’ म्हटलं की मन आधी दुखणं शोधतं. ‘हात गार होतोय, जाड हातमोजा घातल्यासारखा वाटतोय’ अशी द्यायची. आणि परत आणताना दिलेली प्रत्येक सूचना काढून घ्यायची. जड केलेला हात हलका, बधिर केलेला हात पूर्ववत. मग एक ते पाच मोजून डोळे उघडायला लावायचे, नाव, वार, जागा विचारायची, पाणी द्यायचं, खोलीत चार पावलं चालायला लावायचं. धरणगाव-पारोळ्याहून मोटरसायकलवर आलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं बसवल्याशिवाय किल्ली हातात घेऊ द्यायची नाही. नवशिके इथेच चुकतात, कारण प्रवेशाचं कौतुक सगळे करतात, परतीचं कुणी नाही.

आणि मधेच माणूस हुंदके द्यायला लागला, थरथरायला लागला तर? धरायचं नाही, ओरडायचं नाही, ‘अजून खोल जा, काय दिसतंय’ असं तर मुळीच नाही. शांत आवाजात सांगायचं, तुम्ही इथे या खुर्चीत आहात, पाय जमिनीवर आहेत, डोळे उघडू शकता. नंतर अर्थ लावत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी करायची आणि गरज असेल तर पुढे पाठवायचं. हे फक्त त्यालाच जमतं ज्याने आघात झालेल्या माणसांसोबत संमोहनाशिवाय काम केलंय. बघ, फिरून तिथेच आलो. येणारच.

पुण्याच्या कोर्समधलं ते ‘फुकट’ प्रशिक्षण मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटतं. संमोहनात आलेली आठवण जास्त ठाम असते, जास्त खरी नसते. प्रश्नातच उत्तर असेल तर मन ते चित्र पुरवतं, आणि मग माणूस शपथेवर सांगतो. मागचा जन्म म्हणून एक चित्र दिसलं, तोवर कुणाला करमणूक वाटेल. पण आपण कुठे राहतो? सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे अजून बाईला डाकीण ठरवून मारहाण होते. तुझ्या खुर्चीत बसून कुणी ‘माझ्यावर अमकीने करणी केली’ असं पाहिलं आणि गावात जाऊन सांगितलं, तर ती बाई काय करणार? कुणी करणी केली असा ठपका ठेवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायदा नंतर येतो, दगड आधी. मी या बाबतीत ऐकून घेत नाही, हटवादी आहे, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलू देत. इथे मवाळ होण्याची किंमत बोलणाऱ्यांपैकी कुणी देणार नाही.

संमोहनाचा उपयोग नाही, असा अर्थ काढू नकोस. पोटाच्या इरिटेबल बॉवेल या विकारावर मँचेस्टरला पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये संमोहनोपचाराची चाचणी प्रसिद्ध केली. आज ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शिकेत, वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी संमोहनाचा उल्लेख आहे. उलट सिगारेट सोडवण्यात ते इतर उपायांहून सरस आहे, असं म्हणायला, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि तुझ्याकडे पहिली मागणी येईल ती दारूची. ‘ताई, यांची तेवढी सोडवा.’ रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. तुझी सूचना लागू पडली म्हणूनच तो मरेल, हे लक्षात येतंय का? दारू सुटताना शरीरात काय होतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दारूवर संमोहन द्यायचं नाही.

तर यंदा यातला एकही कोर्स नको. एम.ए.ला प्रवेश घे, समुपदेशन किंवा चिकित्सा शाखा. पुनर्वास परिषदेच्या अभ्यासक्रमाकडे जायचं असेल तर मान्य संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावरूनच बघ, एजंटाकडून नाही. शिकताना जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागात, विभागप्रमुखांची लेखी परवानगी काढून बसता आलं तर बस. खरा उन्माद, खरा भ्रम डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो ओळखू येत नाही. दोन वर्षं लांबतील. लांबू देत.

त्यानंतर संमोहनाचा कोर्स शोधशील तेव्हा फी भरण्याआधी लेखी विचार: शिकवणाऱ्याची मूळ पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? तुकडीत किती जण, आणि सरावाच्या वेळी किती जणांमागे एक शिक्षक? माझी किती सत्रं कुणीतरी बघून दुरुस्त करणार? कोर्स संपल्यावर पहिल्या काही पेशंटबद्दल मी कुणाला विचारायचं? कुणाला संमोहन देऊ नये यावर किती तास? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाही देता येतं’ असं आलं, की फोन ठेव.

मधल्या काळात कुणी जीव देण्याची भाषा करत तुझ्याकडे आलं, तर एकटं सोडू नकोस आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लाव, तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

हॉटेलवाल्यांना तू अनामत भरलीयस, असं शेवटच्या ओळीत लिहिलंस. उद्याच लेखी कळव की येणार नाही, आणि पैसे परत माग. फोनवर बोलू नकोस, फोनवर ते तुझं मन वळवतील. पावतीचा फोटो काढून ठेव. नाही मिळाले, तरी उरलेली फी वाचली असं दादांना सांग.

तुझा,
सर