‘चार्लीज आंट’ हा फार्स लंडनमध्ये चार वर्षं चालला, एवढं त्यात आहे तरी काय?

पहिला अंक आहे. आणि लोक नेमका तोच कापतात.

ब्रँडन टॉमसचं हे नाटक २९ फेब्रुवारी १८९२ ला इंग्लंडमधल्या बरी सेंट एडमंड्स या गावी पहिल्यांदा झालं. डिसेंबरात लंडनच्या रॉयल्टी थिएटरात आलं, दीडेक महिन्यात ग्लोबला हललं आणि १८९६ च्या डिसेंबरपर्यंत १,४६६ प्रयोग झाले. आधीचा विक्रम ‘अवर बॉइज’ या नाटकाचा, १,३६२. मावशीचं सोंग घेणाऱ्या मित्राचं काम पेनली नावाच्या नटाने केलं होतं. पुढे कल्पना मुळात कोणाची यावरून त्याचं आणि टॉमसचं बिनसलं, ते वेगळंच.

आमच्या ऑफिसच्या एकांकिका स्पर्धेसाठी आम्ही यातलाच एक तुकडा बसवला. मावशी मी. वेळ पंचेचाळीस मिनिटं, म्हणून दिग्दर्शकाने सुरुवातच उडवली. म्हणजे मुलींना जेवायला बोलावलंय, खऱ्या मावशीची ‘येत नाही’ अशी तार आलीय, आणि दोन मित्र तिसऱ्याला जबरदस्तीने मावशी करतात, हे सगळं गेलं. थेट मावशीची एंट्री! वर मला रोज सुनवायचा, “बाईच वाटली पाहिजेस. बालगंधर्व आठव.” मी म्हणायचो, अहो, ते संगीत नाटक, हा फार्स. इथे आतला बाप्या दिसत राहिला तरच हसू येतं. ‘मोरूची मावशी’ अत्र्यांनी यावरूनच केलं. त्यात विजय चव्हाण नाचायचे तेव्हा ती बाई आहे असं थिएटरात एकाला तरी वाटायचं का?

महिनाभर आवाज बारीक करून मी घसा बसवून घेतला. प्रयोगाला माणसं हसली नाहीत. परीक्षकांनी मात्र मावशीच्या भूमिकेतल्या ‘अभिनेत्री’चं तोंड भरून कौतुक केलं. दिग्दर्शक खूश, “बघ, ओळखलंच नाही!” अरे, ओळखलं नाही म्हणूनच हसले नाहीत ना!

तर तुम्ही बसवणार असाल तर शेवटची लग्नांची जुळवाजुळव कापा, मुलींचा पालक असलेल्या स्पेटिगचे संवाद कापा, पण साडी नेसवतानाचा प्रसंग प्रेक्षकांसमोर झालाच पाहिजे. मराठीत कधी करावं, कुठलं भाषांतर घ्यावं, हे मला विचारू नका. आणि हो, फार चांगला नट असेल तर बाईसारखी बाई करूनही हसवेल. मी तसा नव्हतो.

उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक अजून कपाटात आहे. माझं नाव किरण. त्यावर ‘कु. किरण’ छापलंय.