स्टॉकिंगच्या फुलांचं, म्हणजे तारेच्या कड्यावर ताणलं जाणारं पातळ नायलॉनचं कापड चढवून करायच्या फुलांचं किट आणलंय, पण पाकळ्यांवर सुरकुत्या का पडतात?

कापड क्वचितच खराब असतं. ताण कमी पडतो किंवा गाठ चुकीच्या जागी बसते. तार एखाद्या गोल झाकणाभोवती गुंडाळून 4-5 सेंमी व्यासाचं वर्तुळ करा, टोकांना तीन-चार पीळ द्या, खाली 5 सेंमी देठ ठेवा. टोकदार पाकळी हवी असेल तर वर्तुळाला वरच्या बाजूने टोक आत्ताच द्या, पण खोलगट बाक कापड चढवल्यानंतरच. आधी वाकवली की मधे झोळ येतो.

कापड एकेरी घ्या, सगळीकडून देठाकडे ओढा आणि पीळ जिथे सुरू होतो तिथेच नायलॉनच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे घट्ट द्या. सेंटीमीटरभर खाली बांधलं की सुरकुती आलीच! उरलेलं कापड गाठीपासून 3 मिमी सोडून कापा. अगदी लगत कापलं तर सटकतं. तारेचं कापलेलं टोक पकडीने दाबून घ्या, नाहीतर त्यात अडकून धागा उसवतो.

पाकळ्या परागाभोवती (फुलाच्या मधल्या तुऱ्याभोवती) एकेक बांधा; पाचही एकदम धरल्या की फिरतात. आणि देठावर हिरवी टेप ओढत-ओढत गुंडाळा. ती ताणल्याशिवाय चिकटत नाही, त्यामुळे नवशिके उगाच फेविकॉल शोधतात.