गोचिडीच्या पोटातलं राजकारण

प्रश्न: लेक अमेरिकेत कनेक्टिकटला असते. दहा दिवसांपूर्वी नातवाच्या मांडीला गोचीड चिकटलेली दिसली, त्याच दिवशी चिमट्याने काढली. जावई म्हणतो गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचं गणित गोचिडीच्या पोटातल्या बॅक्टेरियांवर असतं. मग तेच मारून टाकले तर? – एक आजी, सावंतवाडी

उत्तर: आजी, आधी नातवाचं. लाइमचा जंतू बोरेलिया गोचिडीच्या आतड्यात दडून असतो, ती रक्त प्यायला लागली की हलतो आणि मग लाळेपर्यंत पोचतो, याला बहुतेक वेळा 24 तासांहून जास्त लागतात. त्याच दिवशी काढली हे बेस्ट झालं. तरी चावल्यापासून महिनाभर लक्ष ठेवायला सांगा, पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

आता जावईबापूंचं. ज्याच्यावरून या रोगाला नाव पडलं ते लाइम हे कनेक्टिकटमधलंच गाव, आणि तिथल्याच येल युनिव्हर्सिटीने 2014 मध्ये हे तपासलं. गोचिडीच्या पिल्लांच्या आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया बिघडवले आणि मग त्यांना बोरेलिया असलेल्या उंदरांवर सोडलं. मला वाटलं असतं की घर रिकामं म्हटल्यावर बोरेलिया आरामात पाय पसरेल, पण झालं उलटंच, तो कमी टिकला! कारण रक्त पिताना आतड्याची भिंत आणि रक्त यांच्यामध्ये सायीसारखा एक पातळ पडदा तयार होतो, बोरेलिया त्याच्या आडोशाने भिंतीला चिकटतो, आणि बॅक्टेरिया बिघडले की पडदाच विरळ होतो, मग बिचाऱ्याला आडोसा कुठला.

मग मारून टाकूया? थांबा. त्याच गोचिडीतून ॲनाप्लाझ्मा नावाचा दुसरा जंतूही येतो, आणि त्याला नेमका विरळ पडदाच सोयीचा, म्हणजे एकाला हाकलायला जावं तर दुसऱ्याला दार उघडं. शिवाय हा प्रयोग बोरेलिया गोचिडीत कसा बसतो याचा आहे, तिच्यातून माणसात कसा जातो याचा नाही, जावयांनी इथे जरा उडी मारलीय. आणि 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की जंगलातल्या बऱ्याच गोचिड्यांच्या आतड्यात कायमचे बॅक्टेरिया जवळपास नसतातच, त्यामुळे वाद चालूच आहे.

आणि हो, तुमच्या सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीमुळेच होतो, पण तो व्हायरस आहे आणि गोचीडही वेगळी, त्याला हे गणित लावू नका.