बद्री म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आहे: 'ते बद्री सहाबी होते' असं वाक्य वाचनात आलं. यातला बद्री म्हणजे काय, बद्रीनाथाशी त्याचं काही नातं आहे का, आणि शब्द सहाबी की साहबी?

बद्रीनाथाशी नातं नाही. तिथला शब्द संस्कृत 'बदरी', म्हणजे बोरीचं झाड. आपलं 'बोर' त्याच 'बदर'मधून झिजत आलंय. इथला बद्री अरबी आहे. बद्र हे मदिनेच्या नैर्ऋत्येला, काफिल्यांच्या वाटेवरचं विहिरींचं ठिकाण. हिजरी 2 मध्ये, रमजानच्या 17 तारखेला (मार्च 624) तिथे मदिनेचे मुसलमान आणि मक्केचे कुरैश टोळीवाले यांची पहिली मोठी लढाई झाली. गावाच्या नावाला ई लागून विशेषण होतं, जसं मक्की किंवा आपलं कोल्हापुरी. म्हणून बद्री म्हणजे शब्दशः 'बद्रचा'. पण इस्लामी इतिहासात त्याचा रूढ अर्थ 'बद्रच्या लढाईत मुसलमानांच्या बाजूने असलेला'.

हे सगळे मिळून तीनशेच्या थोडे वर. 313 हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे, पण जुन्या याद्यांमध्ये तो थोडा मागेपुढे होतो. घोडे दोन, उंट सत्तरच्या आसपास, त्यामुळे एकेका उंटावर तिघे-चौघे आळीपाळीने बसत. समोर हजाराच्या घरात माणसं. मुसलमानांचे 14 जण पडले: 6 मुहाजिर (मक्केहून आलेले) आणि 8 अन्सार (मदिनेचे). जे वाचले त्यांना 'बद्री' हे पदच मिळालं म्हणा ना. पुढे खलिफा उमर यांनी सरकारी तनखे ठरवले, तेव्हा बद्री मंडळींना वर्षाला 5000 दिरहम लावले.

खरी गंमत दोन अपवादांत आहे. उस्मान (पुढे तिसरे खलिफा झाले ते) लढाईला गेलेच नव्हते. पत्नी रुकय्या (प्रेषित मुहंमदांची कन्या) आजारी होत्या, म्हणून प्रेषितांच्याच सांगण्यावरून ते मदिनेत थांबले. तरी लुटीतला वाटा त्यांना मिळाला आणि त्यांची गणना बद्रींत होते. उलट अबू मसऊद अल-बद्री यांच्या नावातच बद्री आहे, पण बहुतेक चरित्रकार म्हणतात की ते लढाईत नव्हते, बद्रला राहायचे म्हणून तसं नाव पडलं. हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे संग्राहक इमाम बुखारी मात्र त्यांना लढवय्यांत धरतात. म्हणजे एक न लढता बद्री, दुसरा निव्वळ पत्त्यामुळे बद्री (कदाचित). नुसतं आडनाव बघून कुणाला लढाईत घालू नये, एवढं यातून लक्षात ठेवलेलं बरं.

'बद्र'चा अरबीत आणखी एक अर्थ पूर्णचंद्र. तोच 'बद्रुद्दीन' या नावात आहे: धर्माचा पूर्णचंद्र. मुंबईचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आठवा, किंवा जॉनी वॉकर, ज्यांचं मूळ नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. लढाईच्या दिवशी मात्र पौर्णिमा उलटून गेली होती, तेव्हा नावाचा चंद्राशी संबंध जोडून लढाईचं काव्य करू नका.

आता सहाबी. हाच शब्द बरोबर, साहबी नव्हे. प्रेषितांना श्रद्धेने भेटलेला आणि श्रद्धेतच वारलेला तो सहाबी. अनेक असले की सहाबा, स्त्री असेल तर सहाबिया. मूळ धातूचा अर्थ संगतीत असणं. त्याच धातूचा 'सुहबत' फारसीतून मराठीत आला आणि 'सोबत' झाला. 'सोबतीला ये गं' म्हणताना आपण अरबी बोलतोय हे कुणाच्या गावीही नसतं. 'साहेब'ही त्याच घरचा. मुळात तो सोबती. फक्त मराठीत येईपर्यंत तो केबिनमध्ये जाऊन बसला.

राहिलं लेखन. अरबी उच्चारात द आणि र जोडून येतात, म्हणून 'बद्र', 'बद्री' लिहावं. 'बदरी' लिहिलंत की पुन्हा बोरीचं झाड उगवतं. आणि 'बद्राची लढाई' नको, 'बद्रची लढाई'. आपण पानिपतची म्हणतो, पानिपताची नाही, तसंच.